हिरडीखालचं काम

(सिहोरा येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने या परिसराला अक्षरं दिली. अशा व्यासपीठावर संतवाङ्मयावर बोलावं, बावनथडीच्या पाण्यावर बोलावं, झाडीबोलीवर बोलावं. संयोजकांनी मात्र या वर्षी हिरड्यांचा डॉक्टर बोलावला. फोनवर विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘हिरडीखालची सफाई’. पलीकडे जरा शांतता झाली. मग हळूच प्रश्न आला, ‘त्यावर तासभर बोलता येते का जी?’ येतं. तास कमी पडतो.

सुरुवातीलाच एक विचारतो. हात वर करू नका, मनातच उत्तर द्या. सकाळी दात घासताना थुंकीत रक्त किती जणांनी पाहिलंय? आणि पाहिल्यावर काय केलं? नाकातून दोन थेंब रक्त आलं, तर घरात धावपळ होते. लघवीत रक्त दिसलं, तर माणूस त्याच दिवशी तुमसर गाठतो. हिरडीतून मात्र वर्षानुवर्षं रक्त येतं आणि आपण काय बदलतो? ब्रश बदलतो. फार तर पेस्ट बदलतो. याचं कारण सरळ आहे. दुखत नाही. दाढ किडली की ती रात्री झोपू देत नाही. हिरडीचा आजार दहा-पंधरा वर्षं मुक्काम करतो आणि एक रात्रही जागवत नाही.

न दुखणाऱ्या आजाराची हीच पंचाईत असते. आजाराने जे केलं, त्याचा दोष शेवटी उपचारावर येतो. माझं आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याभोवती आहे.

‘डॉक्टर, साफ नका करू. साफ केल्याने दात हालते म्हणते लोक.’ हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. म्हणणारा अडाणी असतो असं समजू नका. शिक्षक म्हणतात, बँकेतले साहेब म्हणतात. एकदा एका एमबीबीएस डॉक्टरांनीही म्हटलं. आणि खरं सांगू? त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शेजारच्या काकांनी सफाई केली, महिनाभरात पुढचे दात हलले, फटी दिसल्या. पाहिलेलं खोटं कसं म्हणावं? पाहिलेलं खरंच आहे. चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

त्यासाठी हिरडीच्या आत उतरावं लागेल.

दात हिरडीत रोवलेला नसतो. तो जबड्याच्या हाडात बसलेला असतो, आणि मूळ व हाड यांना बारीक तंतू बांधून ठेवतात. हिरडी वरून गळपट्टीसारखी वेढून असते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अगदी उथळ खाच असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर. या खाचेच्या तोंडाशी रोज जिवाणूंचा एक चिकट थर साठतो. मऊ असतो, ब्रशने निघतो. निघाला नाही, तर लाळेतला कॅल्शियम त्यात मुरतो आणि त्याचं कीटण होतं, टार्टर म्हणा. ते ब्रशने निघत नाही, कोळशाने नाही, राखुंडीनेही नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावून पाहा. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून कीटण तिथे सर्वांत आधी आणि सर्वांत जाड बसतं.

आता ते हिरडीखाली सरकतं. हिरडी सुजते, दातापासून सुटते, खाच चार, पाच, सात मिलिमीटर खोल होते. आम्ही तिला पॉकेट म्हणतो. आत जिवाणू, वरून शरीराची त्यांच्याशी लढाई, आणि या लढाईत हाड झिजत जातं. तुम्ही बांधीला पाणी धरणारी माणसं. पाळ वरून शाबूत, गवतही हिरवंगार, आणि खाली खेकड्याने बीळ केलेलं. सकाळी बांधी कोरडी. पाळीवर कितीही माती थापा, बीळ बुजवल्याशिवाय पाणी थांबत नाही. हिरडीचं नेमकं तसंच आहे. वरून घासणं, मंजन, गुळण्या, हे सगळं पाळीवरचं काम. पॉकेटमधलं काम निराळं.

हे काम नवं नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळांचे 15 रोग सांगितले आहेत. दातांवर घट्ट बसणाऱ्या थराला तिथे दंतशर्करा म्हटलं आहे आणि तो काढायला दंतशंकू नावाचं शस्त्रही आहे. काढताना दाताच्या मुळाला इजा होऊ द्यायची नाही, अशी स्पष्ट ताकीद आहे. नंतर लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळायचं. लाख म्हणजे आपल्या पळसावर येते तीच. (त्या पंधरांत एका रोगाचं नाव ‘वैदर्भ’ आहे. दातांची मुळं जोरजोरात घासल्याने हिरडी सुजते आणि दात हलू लागतात, तो हा रोग. गुडाखू बोटावर घेऊन अर्धा अर्धा तास घासत बसणाऱ्यांनी जरा चपापावं.)

पुढे हॉलंडमध्ये लेव्हेनहूक नावाचा एक कापडवाला झाला. भिंगं घासायचा त्याला नाद. 1683 साली त्याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा लगदा भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. माणूस रोज मिठाने दात घासणारा होता, तरी ते होते. मग त्याने व्हिनेगरने चूळ भरली. जीव जिवंतच. तोच लगदा बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा मात्र ते मेले. म्हणजे चूळ थराच्या आत शिरत नाही, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कापडवाल्याला कळलं होतं. आज आपण निळ्या-हिरव्या माऊथवॉशच्या बाटल्या आणतो. बरं.

तिसरा माणूस अमेरिकेतला, हार्टफर्ड गावचा जॉन रिग्ज. 11 डिसेंबर 1844 रोजी होरेस वेल्स या दंतवैद्याने स्वतः लाफिंग गॅस हुंगला आणि त्याची दाढ काढली ती या रिग्जने. भुलीच्या इतिहासात तो दिवस मोठा. पण रिग्जचं पुढचं आयुष्य हिरड्यांत गेलं. हिरडी कापून टाकण्यापेक्षा दाताचं मूळ खरवडून स्वच्छ करा, हिरडी आपोआप बसते, असं तो सांगत राहिला. तिकडे पायोरियाला बरीच वर्षं ‘रिग्जचा रोग’च म्हणत. तो जे हाताने करत होता, तेच आम्ही आज करतो, फक्त भूल देऊन आणि बऱ्या हत्यारांनी.

काय करतो नेमकं? खुर्चीत बसलेल्याला छताशिवाय काही दिसत नाही, म्हणून सांगतो.

आधी मोजणी. एक बोथट, खुणा केलेली सळई असते, तिला प्रोब म्हणतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हलकेच खाचेत सोडायची आणि आकडा सांगायचा. मदतनीस लिहून घेतो. ‘तीन, दोन, तीन. चार, सहा, पाच.’ सगळं तोंड मोजायला वेळ लागतो. ज्याने मोजलं नाही आणि थेट मशीन हातात घेतलं, त्याने हिरडीखालची सफाई केली असं मी धरत नाही. मग एक्स-रे: हाड किती उरलंय?

मग भूल. साधारणपणे एका वेळी तोंडाचा चौथा किंवा अर्धा भाग. आधी अल्ट्रासोनिक यंत्र. त्याचं टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरतं आणि त्यातून पाण्याचा फवारा येतो. हे टोक दात कापत नाही, थरथरीने कीटण फोडतं. त्यानंतर हाताची हत्यारं, क्युरेट. बारीक वाकडी मान, टोकाला गोल पातं. ते हिरडीच्या कडेने आत सोडायचं, तळाशी न्यायचं आणि मुळाला चिकटवून वर ओढायचं. दिसत काही नाही. सगळं बोटांना कळतं. कीटण असेल तिथे पातं अडखळतं, खरखरतं. निघालं की पातं काचेवरून सरकावं तसं सरकतं. आणि मग गॉजवर एक काळपट हिरवी खपली येते. वरचं कीटण पिवळं असतं, हे काळं, कारण त्यात जुनं रक्त मुरलेलं असतं. मी ती खपली रुग्णाला नेहमी दाखवतो. दहा मिनिटं समजावून जे होत नाही, ते त्या खपलीने होतं.

पूर्वी आम्हाला शिकवायचे, मुळाचा वरचा थरही विषारी झालेला असतो, तोही खरवडून काढा. 1980 नंतरच्या अभ्यासांतून दिसलं, की जिवाणूंचं विष मुळावर वरवरच बसलेलं असतं. तेव्हापासून हात हलका झाला. मुळाला इजा नको, ही सुश्रुतांची ताकीद फिरून परत आली म्हणायची.

आता शेजारच्या काकांकडे येऊ. हाड आधीच निम्मं गेलेलं. पुढचे चार दात कीटणाच्या एका सलग पट्टीने एकमेकांना जखडलेले. हिरडी सुजून फुगलेली, त्यामुळे फटी झाकलेल्या. वरून सगळं भरलेलं, घट्ट. आम्ही पट्टी काढली. सूज उतरली, हिरडी आक्रसली. आता दात लांब दिसतात, फटी दिसतात, थंड पाणी झिणझिणतं, दात थोडे हलतात. यातलं सफाईने काय केलं? हाड सफाईने नेलं का? हाड दहा वर्षांत गेलं होतं. सफाईने झाकण उघडलं. पुढच्या काही आठवड्यांत, आतली सूज गेली की पुष्कळदा हलणं कमी होतं, झिणझिण जाते. पण त्याआधीच काकांनी सगळ्या गावाला सांगितलेलं असतं.

यात चूक आमचीही आहे, आम्हा डॉक्टर लोकांची. हे सगळं आधी सांगायला हवं. खुर्चीवर बसवण्याआधी. आरसा हातात देऊन. ते आम्ही गर्दीत सांगत नाही, आणि अफवा पिकते.

शिबिरांबद्दलही बोलतो, संयोजक रागावणार नाहीत. शिबिरात दिवसभरात शंभर जणांची सफाई होते, फोटो निघतो. ती वरची सफाई. ज्यांची हिरडी नुसती सुजलेली आहे, त्यांना तेवढी पुरते. ज्यांचे पॉकेट सहा मिलिमीटर आहेत, त्यांच्या हाती ‘सफाई झाली’ असं कार्ड येतं आणि आतलं बीळ तसंच राहतं. एका माणसाचं हिरडीखालचं काम नीट करायचं तर तीन-चार तास लागतात. शिबिरात ते व्हायचं नाही. शिबिराने निवड करावी, मोजावं आणि पुढे पाठवावं.

पुढे म्हणजे कुठे? जवळच्या सरकारी रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहेत का, ते आधी पाहा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे, सावंगीला मेघे यांचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. पण सिहोऱ्याहून तुमसर रोडला जायचं, गाडी धरायची, नागपूर गाठायचं, आणि तेही चार वेळा? रोवणीत कोण जाईल? इथे एक कामाची गोष्ट सांगतो. 1995 साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी सगळं तोंड 24 तासांच्या आत स्वच्छ करायची पद्धत मांडली. नंतर ती जुन्या पद्धतीशी ताडून पाहिली, तर निकालात फारसा फरक निघाला नाही. म्हणजे लागोपाठ दोन दिवसांत काम उरकलं तरी चालतं. लांबून आलेल्या माणसाने हे डॉक्टरांना विचारावं. विचारायला लाजू नये. मुक्कामाला नातेवाईक असतातच.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायला मात्र जावंच लागतं.

यापुढचा भाग तुम्हाला आवडणार नाही. खर्रा.

सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोटलेला. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. खर्रा टपरीवर घोटला जातोच. कर्करोगाचं तुम्ही शंभरदा ऐकलंय, ते मी आज पुन्हा सांगत नाही. माझ्या विषयापुरतं सांगतो. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. तोंडात दोन बोटंही जात नसतील, तर मागच्या दाढेला क्युरेट कुठून लावू? आजार समोर दिसतो आणि हात पोचत नाही. बिडी-सिगारेटचं आणखी निराळं. धुराने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येतं. बिडी ओढणारा म्हणतो, ‘माझ्या हिरड्या ठणठणीत, थेंब येत नाही.’ आत हाड चाललेलं असतं. आणि सफाईनंतर हिरडी भरून यायची, तीही त्याची कमीच भरते.

साखरेचं सांगतो. मधुमेहात हिरडीचा आजार वाढतो, आणि हिरडीतली सततची सूज साखर आवरू देत नाही. दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार आहे. हिरडीखालची सफाई झाल्यावर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ते एचबीएवनसी, सरासरी 0.4 टक्क्यांच्या आसपास उतरतो असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. 2013 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मात्र काहीच फरक पडला नव्हता. म्हणून गोळ्या बंद करून दात साफ करू, असा धंदा करू नका. साखरेच्या डॉक्टरांनी तोंड पाहावं आणि आम्ही साखर विचारावी, इतकंच.

विचारायच्या आणखी गोष्टी असतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? असेल तर सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. गरोदर बाईच्या हिरड्या पुष्कळदा सुजतात, आणि घरची म्हातारी म्हणते, बाळंतपण होऊ दे मग पाहू. सफाई गरोदरपणात करता येते. मधले तीन महिने बसायला सोयीचे. आणि आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. ज्याच्याकडे सिकलसेलचं कार्ड असेल, त्याने दवाखान्यात शिरताच ते दाखवावं, कारण तोंडातला साधा संसर्गही त्याला त्रासात टाकू शकतो.

‘मी तर काहीच करत नाही, तरी माझे दात पक्के. हा रोज दोनदा घासतो, याचे हलतात.’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो, इथेही असेल. तो खोटं बोलत नाही. श्रीलंकेच्या चहामळ्यांत 480 मजुरांना 1970 पासून 15 वर्षं तपासत राहिले. ब्रश नाही, दंतवैद्य नाही. सगळ्यांच्या दातांवर थर, कीटण, सुजलेल्या हिरड्या. तरी 11 टक्के लोकांचं हाड गेलंच नाही. 81 टक्के लोकांचं हळूहळू गेलं. 8 टक्क्यांचं असं झपाट्याने गेलं, की पंचेचाळिशीपर्यंत तोंड जवळपास रिकामं. आपण कोणत्या टक्क्यात, हे वयाच्या विसाव्या वर्षी कपाळावर लिहिलेलं नसतं. मोजूनच कळतं. तो अकरा टक्क्यांतला माणूस गावाला सल्ला देत फिरतो, ही अडचण आहे.

पण सूज उलटवता येते, हे तितकंच पक्कं. 1965 साली डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांच्या आत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केलं, साधारण आठवड्यात सगळ्यांच्या पूर्ववत. गेलेलं हाड मात्र परत येत नाही. ना सफाईने, ना गोळीने. हिरडीखालची सफाई पॉकेट साधारण एक-दोन मिलिमीटर उथळ करते, रक्त थांबवते, घसरण थांबवते. पॉकेट फारच खोल असेल, किंवा दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात कीटण शिरलं असेल, तर पातं तिथपर्यंत पोचत नाही; मग हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. ‘पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहून द्या, साफ-बिफ नको,’ याने काय होतं? थर तसाच राहतो. कापडवाल्याची चूळ आठवा.

आणि केलेलं कामही टिकवावं लागतं. साफ झालेल्या खोल पॉकेटात जिवाणू साधारण तीन महिन्यांत पुन्हा जमू लागतात. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलावतो. लोकांना वाटतं, डॉक्टरचं दुकान आहे. वाटू द्या. घरी मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरपा धरलेला, घाई न करता. फटी असतील तर फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो, तो रात्री. कडुनिंबाची, करंजाची काडी चघळता? चघळा. टोक चांगलं मऊ करून घ्या, आणि एवढं ध्यानात ठेवा, की दोन दातांच्या मध्ये ती शिरत नाही. आजार तिथेच सुरू होतो.

सभा सुरू होण्याआधी एक चिठ्ठी आली. अक्षर थरथरतं आहे, पण शुद्धलेखन पक्कं. गुरुजींच्याच हाताखालचं असणार. ‘वय सत्तर. खालचे सहा दात उरले, हलतात. आता साफ करून काय उपयोग? सगळे काढून कवळी बसवू का?’

आजोबा, किंवा आजी, वय आड येत नाही. सत्तरीतलीही हिरडी भरून येते, जरा सावकाश. आधी ते सहा दात मोजून घ्या, एक्स-रे काढा. त्यांतले दोन जाणारच असतील, तर जाऊ द्या. पण समोरचे दोन सुळे जरी घट्ट करता आले, तरी खालची कवळी त्यांच्या आधाराने बसते. पूर्ण बिनदाताच्या खालच्या जबड्यावर कवळी जिभेसरशी उचलली जाते. ती बसवणाऱ्याला आणि घालणाऱ्याला, दोघांनाही विचारा. म्हणून आधी सफाई, मग दीड-दोन महिने थांबायचं, पुन्हा मोजायचं, आणि कोणता दात काढायचा ते तेव्हा ठरवायचं. चिठ्ठी कुणाची ते सांगायची गरज नाही. सभा संपली की मी इथेच आहे, टॉर्च आणि प्रोब दोन्ही आणले आहेत.